तिसऱ्या साखळीचा दोर

शनिवारी माझे यजमान, प्रकाश, वारले. मी समुद्रात होते.

आमचं जहाज त्या दिवशी एक तरंगती पवनचक्की ओढून नेत होतं. अशा ओढून नेण्याला आमच्याकडे टो म्हणतात. बंदरातून निघालेला टो मध्ये सोडता येत नाही. तरंगणाऱ्या वस्तूला ब्रेक नसतो, आणि वाऱ्याने दिलेली सवड संपत आलेली असते. कॅप्टन स्वतः माझ्या केबिनपाशी आला. हेलिकॉप्टर मागवता येईल का, ते त्याने विचारून पाहिलं होतं. धुकं होतं. मी म्हटलं, ठीक आहे.  टो पोचला, साखळ्या जोडल्या, मग मला सोडलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलला, आमच्या घरी, पोचले तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते; जलदान विधी तेवढा राहिला होता.

त्यानंतर मी समुद्रावर गेले नाही. वर्षभर काहीच केलं नाही. प्रकाश शाळेत भूगोल शिकवत. घरात त्यांची पुस्तकं भरपूर होती, त्यातली बरीच मी वाचली. काही दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा काय वाचलं ते आठवत नव्हतं.

मग कंपनीतून सामंत साहेबांचा फोन आला. साहेब मुंबई ऑफिसचे प्रोजेक्ट हेड. आम्ही पूर्वी दोन कामं एकत्र केली होती.

"मॅडम, तुमच्या चंद्रपूरला येतोय आम्ही. तरंगती पवनचक्की घेऊन."

"चंद्रपूरला समुद्र नाही, साहेब."

"खाण आहे ना. पाण्याने भरलेली."

कोळसा संपला की उघडी खाण सोडून देतात. मग तिच्यात पाणी भरतं. आमच्या भागात असे खड्डे आहेत. वरून पाहिलं तर हिरवंनिळं, शांत तळं दिसतं. आत ते पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेलं असतं. कोळसा काढताना मशीन उतरवायला दगडाचे रुंद टप्पे सोडलेले असतात, त्यांना बेंच म्हणतात. शेवटच्या बेंचखाली एवढं खोल पाणी, की दहामजली इमारत उभी केली तर गच्चीवर मासे फिरतील.

कंपनीला नेमकं तेच हवं होतं. खोल पाणी, लाटा नाहीत, जहाजाचं भाडं नाही. समुद्रावर जे करायचं त्याची रंगीत तालीम इथे लहान मॉडेलवर करायची. मूलहून जाऊन-येऊन करता येईल असं काम होतं. मी हो म्हटलं.

तरंगती पवनचक्की कशी बसवतात, हे मी प्रकाशना स्वयंपाकघरात शिकवलं होतं. तेच इथे सांगते. परातीत पाणी घ्या. त्यात एक वाटी सोडा. वाटीत मेणबत्ती उभी करा. ही पवनचक्की. जमिनीवरच्या पवनचक्कीला पाया असतो; समुद्र खोल झाला की पाया परवडत नाही, म्हणून वाटी. वाटी कलू नये म्हणून तिच्यात थोडं पाणी भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. आता वाटी वाहून जाऊ नये म्हणून तीन बाजूंना तीन दोरे बांधा आणि त्यांची टोकं परातीच्या तळाला चिकटवा. हे झालं मूरिंग. मूरिंग हा माझा विषय. आयुष्यभर मी वाट्यांना दोरे बांधले.

खरी गोम क्रमात आहे. पवनचक्की आणण्याच्या आधीच साखळ्या तळाला टाकून ठेवतात. मऊ तळ असेल तर नांगर टाकतात, तो शेतातल्या नांगरासारखा चिखलात घुसून बसतो. खाणीचा तळ दगडी, तिथे नांगर घुसत नाही. आम्ही काँक्रीटचे ठोकळे सोडले. प्रत्येक ठोकळ्याला एक साखळी. साखळीच्या वरच्या टोकाला जाड नायलॉनचा दोर, आणि दोराच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा एक पिवळा गोळा, फ्लोट. मग पवनचक्की ओढत आणायची, फ्लोट पकडायचा, दोर विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावर, घ्यायचा, विंचने साखळी वर ओढायची, कनेक्टरमध्ये अडकवायची. तीन वेळा. झालं.

"एवढंच?" प्रकाश म्हणाले होते.

"एवढंच. फक्त परात हलत असते."

आमचं मॉडेल म्हणजे तीन पोकळ लोखंडी खांबांचा त्रिकोणी तराफा, एखाद्या अंगणाएवढा. त्यावर दुमजली घराच्या उंचीचा मनोरा आणि तीन पाती. आम्ही त्याला नुसतं प्लॅटफॉर्म म्हणायचो. ओढायला इंजिनची एक बोट मागवली. बाकी कामाला खाणीलगतच्या गावातले ढिवर घेतले. ढिवर म्हणजे आमच्याकडचे मासेमारी करणारे लोक. पिढ्यान् पिढ्या गावतलावात जाळी टाकत आलेले, आणि आता या खाणीतही त्यांनी मासे सोडले होते. पाणी त्यांचं, आम्ही पाहुणे.

त्यांचे म्होरके सोमा भाऊ. साठीच्या पुढचे, बोलणं कमी. आणि त्यांच्या टोळीतले तुळशीराम भाऊ, चाळिशीचे, बोलणं थांबेल तर शपथ. पहिल्या दिवशी मनोरा उभा राहिला तेव्हा ते कितीतरी वेळ वर बघत होते.

"बाई, हा पंखा हवा देऊन राह्यला का घेऊन राह्यला?"

"घेतो. हवेवर चालतो. वीज तयार होते."

"म्हंजे उलटा पंखा. आमच्या घरचा वीज खाते अन् हवा देते. हा हवा खाते अन् वीज देते." मग सोमा भाऊंकडे वळून, "दोन्ही एकमेकाले जोडून देले तं, भाऊ?"

"तं तुह्यं तोंड बंद होईन का?" सोमा भाऊ म्हणाले. एवढंच ते सकाळभरात बोलले.

काम सुरू करायच्या आधी मी सगळ्यांना बसवून नियम सांगितला. लाइफ जॅकेट काढायचं नाही. आणि काहीही झालं तरी पाण्यात कोणी उतरायचं नाही. पाण्याखाली साखळ्या असतात, वर हलणारं लोखंड असतं, मध्ये माणूस नको. समुद्रावर हा नियम मोडला तर माणसाला पुढच्या बोटीने घरी पाठवतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा डोलावल्या. तुळशीराम भाऊ म्हणाले, "बाई, या पान्यात कोन उतरते? वरून कोमट अन् खालून फ्रिज."

पहिल्या दोन साखळ्या न कुरकुरता जोडल्या गेल्या. तिसरी दुसऱ्या दिवशी सकाळी जोडायची होती. त्याच दिवशी सामंत साहेबांनी पाहुणे बोलावले होते. पैसे लावणाऱ्या कंपनीचे चारपाच जण, नागपूरहून गाडीने येणार होते. काठावर मंडप घातला होता. खुर्च्यांना पांढरे कपडे. जेवण चंद्रपूरहून येणार होतं. जेवणाआधी पाती फिरताना दाखवायची, असं ठरलं होतं.

सकाळी पाणी काचेसारखं होतं. त्या खाणीत दुपारी वारा उठतो, उताराच्या बाजूने आत शिरतो आणि गोल फिरतो. दोनच साखळ्यांवर उभा असलेला प्लॅटफॉर्म वारा आला की दारासारखा फिरणार आणि बेंचच्या दगडावर आपटणार. त्यामुळे तिसरी साखळी दुपारच्या आत. हे सगळ्यांना माहीत होतं.

मी इंजिनच्या बोटीत होते, सोमा भाऊ सुकाणूवर. प्लॅटफॉर्मवर, विंचपाशी, कंपनीचा टेक्निशियन. तुळशीराम भाऊ आणि आणखी एकजण डोंग्यात, म्हणजे त्यांच्या अरुंद लाकडी होडीत. डोंगा फ्लोटपाशी गेला. त्यांनी फ्लोट वर घेतला आणि दोर हाताहाताने ओढत डोंगा प्लॅटफॉर्मकडे आणू लागले. ओढ बसली तशी खाली साखळीचं टोक तळावरून उचललं गेलं असणार, कारण तुळशीराम भाऊंच्या दंडाच्या शिरा मला बोटीतून दिसत होत्या.

पद्धत अशी होती, की आधी दोर विंचच्या रिळावर चढवायचा आणि मगच फ्लोट सोडायचा. म्हणजे दोर निसटला तरी फ्लोट त्याला वर धरून ठेवेल. हे मी सांगितलं होतं, करूनही दाखवलं होतं. पहिल्या दोन वेळी तसंच झालं. तेव्हा फ्लोटपाशी दुसरे दोघे होते.

पण तलावात जाळं ओढताना उलटं करतात. जाळ्याला तरंगायला वाळके भोपळे बांधलेले असतात, तुंबे. जाळं हातात आलं की आधी तुंबे सोडायचे, नाहीतर ते एकमेकांत अडकतात आणि जाळं फाटतं. लहानपणापासून हाताला हेच वळण. दोर हातात आला, प्लॅटफॉर्म हाताशी आला, आणि तुळशीराम भाऊंच्या बोटांनी फ्लोटची गाठ सोडली. त्यांनी सोडली असं मी म्हणणार नाही. बोटांनी सोडली.

फ्लोट बाजूला तरंगत गेला. त्याच वेळी डोंगा जरा कलला. खालून साखळीने दोर ओढला. दोर त्यांच्या हातातून सर्रकन गेला, आणि पाण्यावर एक छोटासा भोवरा राहिला.

 तुळशीराम भाऊंनी तळहात पाहिले. मग जॅकेट काढलं, वल्ह्याच्या टोकावर अडकवलं, आणि उडी मारली.

मी ओरडले. ते पाण्याखाली होते.

ढिवर लोक बुडी मारतात तेव्हा पाणी उडत नाही. दार लोटून कोणी घरात गेल्यासारखं ते जातात. आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. वाट पाहणं मला नवं नव्हतं. पण आजवर पाण्यावर मी असायची आणि वाट पाहणारे प्रकाश. काठावरून कसं दिसत असेल ते मला तेव्हा कळलं. काहीच दिसत नाही.

ते वर आले. डोंग्याच्या कडेला धरून धापा टाकत म्हणाले, "बेंचवर अडकला असन. दिसत नाई. पुरा अंधार हाय."

"भाऊ, वर या. आधी वर या."

"थांबा, बाई."

आणि पुन्हा गेले.

सामंत साहेबांचा आवाज वॉकीटॉकीवर आला. "मॅडम, काय झालं? लाइन पडली का?"

"दोर सुटला. एक माणूस पाण्यात आहे."

"पाण्यात? कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

दुसऱ्या खेपेला ते उशिरा आले.  डावा हात कानावर होता. हात काढला तेव्हा मानेवरून रक्ताची बारीक धार उतरली. त्यांनी ती पाण्याने पुसली, जसा घाम पुसावा तशी. आणि पुन्हा श्वास भरू लागले.

सोमा भाऊंनी बोट पुढे घेतली होती. मी वाकून तुळशीराम भाऊंचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी.

"सोडा, बाई."

"नाही सोडत."

"दोर माह्या हातून गेला."

"गेला तर गेला. दुसरा उपाय करू."

"तुमच्या हातून गेला असता तं नसतो उतरलो. माह्या हातून गेला ना. मलेच काढा लागते."

मी सोमा भाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते माझ्या बाजूने आहेत. ते म्हणाले, "बरोबर हाय त्याचं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या टोळीत जाळं ओढताना ज्याच्या हातून दोर सुटतो, त्यानेच बुडी मारून तो आणायचा. कोणी सांगत नाही, कोणी शिक्षाही देत नाही. नुसतं तसं असतं. नाही आणला तर पुढल्या खेपेला त्याच्या हाती दोर येत नाही. तो काठावर बसून मासे निवडतो, बायका-म्हाताऱ्यांसोबत. तुळशीरामांचा बाप जाळ्याचा टोकाचा दोर धरायचा, आता तुळशीराम धरतो. टोकाचा दोर भलत्याच्या हाती देत नाहीत.

"मग त्या दिवशी नियम सांगितला तेव्हा मान कशाला डोलावली?" मी तुळशीराम भाऊंना विचारलं. मनगट अजून हातात होतं.

"नियम तं बरोबरच होता," ते म्हणाले. "उगाच कोन उतरते? पन हातचा दोर गेला तं ते उगाच नाई ना होय."

वॉकीटॉकी पुन्हा वाजला. "मॅडम, पाहुणे वरोऱ्याच्या पुढे आलेत. तो माणूस काय म्हणतोय?"

"पुन्हा बुडी मारतो म्हणतोय."

"जमेल का त्याला?"

"त्याच्या कानातून रक्त येतंय, साहेब."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "डायव्हर मागवला तर नागपूरहून संध्याकाळी पोचेल. वारा दुपारी उठेल. प्लॅटफॉर्म गेला तर सगळंच गेलं. तो स्वतः तयार आहे ना, मॅडम? आपण काही जबरदस्ती करत नाही."

"तो तयार आहे, म्हणूनच थांबवायचंय."

"एकच बुडी. तो म्हणतोय बेंचवर आहे म्हणून—"

"साहेब, काम थांबलंय. मी थांबवलं." आमच्या कामात कोणीही स्टॉप म्हणू शकतो, आणि तो म्हटला की वरिष्ठालाही मानावा लागतो. निदान तसं शिकवतात. मी वॉकीटॉकी बंद केला नाही, नुसता खाली ठेवला. साहेबांचा आवाज बोटीच्या तळाशी येत राहिला. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर दगडावर आपटणारा प्लॅटफॉर्म होता. माझ्या हातात मनगट होतं.

पण काम थांबलं तरी तुळशीराम भाऊ थांबणार नव्हते. माझ्या हाताला घाम येत होता आणि त्यांचं मनगट ओलं होतं. माझं ऐकायचं त्यांना कारण नव्हतं. ऐकलं असतं तर फक्त सोमा भाऊंचं.

मी म्हटलं, "सोमा भाऊ, तलावात बुडी मारायच्या आधी तुम्ही काय करता?"

"बांबू टाकतो. पानी किती हाय पाहाले."

"इथे टाकून बघा."

त्यांनी माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. पण बोटीतला लांब बांबू उचलला आणि सरळ खाली सोडत गेले. मनगट बुडालं. कोपर बुडालं. खांदा पाण्याला लागला, गाल पाण्याला लागला. बांबू कशालाच टेकला नाही. त्यांनी तो सोडला. तो खाली जाऊन जोरात वर उसळला आणि बोटीवर आपटला.



"बेंच तं हाय खाली," तुळशीराम भाऊ पुटपुटले.

"चूप," सोमा भाऊ म्हणाले. त्यांनी पाण्यावरचा बांबू हाताने धरला. मग म्हणाले, "बांबू टेकते तिथपर्यंत आपली रीत. इथी टेकत नाई."

"मंग दोर कोन काढीन?"

"तूच काढ," मी म्हटलं. घाईत अरे-तुरे गेलं. "तुम्हीच काढा, भाऊ. दोर तुमचाच आहे. पण डोंग्यातून. गळ टाकून."

"गळानं तं कोनीबी काढीन!"

सोमा भाऊंनी बांबू आत ओढला. "कोनीबी काढीन, पन काढाचा तूच. मी पाहून राह्यलो ना? मी सांगीन सगळ्याइले. चढ वरत."

ते वर चढले. डोंग्यात बसल्यावर एकदम थरथरायला लागले, आणि उलटी झाली. कानाचा पडदा गेला की तोल जातो, हे मला माहीत होतं. तिसऱ्या बुडीत वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना कळलं नसतं. मी ते बोलले नाही. त्यांच्या कानावर त्यांचाच गमछा बांधला.

"भाऊ, काठावर चला. गाडी उभी आहे, डॉक्टरकडे जाऊ. गळ नंतर."

"आधी दोर."

यावर मात्र सोमा भाऊ काही बोलले नाहीत, आणि मीही आणखी ताणलं नाही. ते बसून होते, जॅकेट घातलं होतं, डोंग्यात दुसरा माणूस होता. सगळंच आपल्या मनासारखं होत नाही.

गळ आमच्याकडे होता. विहिरीत पडलेली बादली काढायला वाकड्या आकड्यांचा गुच्छ दोरीला बांधून फिरवतात, तसाच, फक्त वजनदार. जहाजांवर याला ग्रॅपनेल म्हणतात आणि हरवलेल्या साखळ्या याच गळाने काढतात. फार जुनी पद्धत. फार कंटाळवाणीही. टाकायचा, तळाला लागू द्यायचा, हळूहळू ओढायचा. दगड लागतो, लोखंडाचा भंगार तुकडा लागतो, काहीच लागत नाही. पुन्हा टाकायचा.

मी प्लॅटफॉर्मवर चढले. सोमा भाऊंनी इंजिनची बोट तिसऱ्या साखळीच्या दिशेला नेली आणि मध्ये एक दोर बांधून इंजिनाच्या जोरावर प्लॅटफॉर्म ताणून धरला. थोडक्यात, साखळीच्या जागी बोट. वारा फार वाढला नाही तर हे चालतं. डिझेल जळत राहतं आणि माणसाने सुकाणूवरून उठायचं नसतं. सोमा भाऊ उठले नाहीत.

पाहुणे आले तेव्हा पाती थांबलेली होती. काठावरून त्यांना एवढंच दिसलं: एक पिवळा तराफा, त्याला ओढून धरलेली एक बोट, आणि मध्ये एका डोंग्यात कानाला गमछा बांधलेला माणूस पाण्यातून काहीतरी ओढतोय. त्यांतला एकजण काठापाशी आला आणि मोबाईलने फोटो काढू लागला. सामंत साहेबांनी त्याला जेवायला नेलं. जेवण झाल्यावर पाहुणे गेले. आपल्याला काय दाखवायचं होतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं. साहेब मला काही बोलले नाहीत. वॉकीटॉकीवर फक्त एकदा, "किती वेळ, मॅडम?" आणि मी म्हटलं, "माहीत नाही, साहेब."

दुपारी वारा उठला. प्लॅटफॉर्म सरकायला लागला. एकदा मागचा खांब बेंचच्या कडेला घासला, आणि तो आवाज माझ्या पायांतून वर आला. सोमा भाऊंनी इंजिन वाढवलं. बोटीची शेपटी पाण्यात बसली. प्लॅटफॉर्म थांबला, पण एखादं जनावर दाव्याला हिसके देतं तसा हिसके देत राहिला.

तुळशीराम भाऊंचं बोलणं बंद झालं होतं. डोंग्यातला दुसरा माणूस मधूनमधून गळ घ्यायला हात पुढे करत होता. ते देत नव्हते. टाकत होते, ओढत होते. मध्येच डोंग्याच्या कडेवरून उलटी करत होते आणि पुन्हा टाकत होते. त्यांच्या तळहातांची साल सकाळीच गेलेली होती. मी दोनदा ओरडून हातमोजे घालायला सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, हे तेव्हा कळलं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गळ अडकला. आधीही बऱ्याचदा अडकला होता, पण या वेळी ओढल्यावर तो हळूहळू वर येऊ लागला, जड, ओझं घेऊन. दुसऱ्या माणसाने मागून त्यांची कंबर धरली. आकड्यांत नायलॉनचा दोर गुंतलेला दिसला तेव्हा सोमा भाऊ बोटीतून ओरडले, "तुळशा, हात सोडू नोको आता!"

"नाई सोडत!"

"तुंबा!"

या खेपेला त्यांनी आधी फ्लोट बांधला. मग दोर माझ्याकडे फेकला. मी विंचच्या रिळावर चढवला. टेक्निशियनने बटण दाबलं. साखळी पाणी गाळत वर आली, कनेक्टरमध्ये बसली, खटका वाजला. समुद्रावर या खटक्याला लोक टाळ्या वाजवतात. इथे कोणी वाजवल्या नाहीत. सोमा भाऊंनी इंजिन बंद केलं आणि बोटीत आडवे झाले.

तुळशीराम भाऊंना आम्ही चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "किती खोल गेला होता?" मला सांगता आलं नाही. पडदा फाटला होता. तो कधीकधी आपोआप भरतो. यांचा भरला नाही. खाणीचं पाणी आत गेलं होतं, पू झाला, आतल्या हाडालाही धक्का लागला. दवाखान्याचा खर्च कंपनीने केला. साहेब त्यासाठी वर भांडले, हे मला नंतर कळलं. तुळशीराम भाऊंची बायको, शेवंता बाई, दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, "बाई, तुमी हात धरला म्हने त्यायचा."

"हो."

"मी धरला असता तं झटकून गेले असते," ती म्हणाली. आणि पदराने डोळे पुसले. ती हसत होती की रडत होती, मला ठरवता आलं नाही.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये प्रश्न निघाला की माणसाने नियम मोडला असं लिहायचं का. मी म्हटलं, नियम माझा होता आणि त्यांचाही एक होता, आणि त्यांचा जुना होता. सामंत साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "असं लिहिता येत नाही हो, मॅडम." शेवटी पद्धत बदलली. आता त्या दोरांना दोन फ्लोट असतात, एक सोडायचा आणि एक न सुटणारा, बोल्टने पक्का केलेला. समुद्रावरच्या कामातही तोच बदल गेला असं ऐकलं. तिकडच्या कामासाठी मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. साहेबांनी आग्रह केला नाही.

या सगळ्यातून शिकण्यासारखं असेल तर एवढंच. कामाची पद्धत लिहिताना दोर हातातून सुटेल तेव्हा काय करायचं, हे आपण लिहितो. ज्याच्या हातून सुटेल तो माणूस काय करेल, हे लिहायचं राहतं. ते कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळत नाही. आधी जाऊन विचारावं लागतं, आणि विचारायला कोणाकडे वेळ नसतो.

चाचणी संपली. प्लॅटफॉर्म सुटा करून ट्रकवर घालून नेला. साखळ्याही काढल्या. काँक्रीटचे ठोकळे काढण्याइतकी क्रेन परवडत नव्हती, ते खाली आहेत. मी मूलला असते. कधी खाणीवर जाते. सोमा भाऊंनी शब्द पाळला. जाळ्याच्या टोकाचा दोर अजून तुळशीराम भाऊंच्याच हातात असतो, फक्त टोक बदललंय. ते आता अशा बाजूला उभे राहतात, की बाकीच्यांची हाक उजव्या कानावर पडावी. डाव्याने ऐकू येत नाही. उजव्याने येतं.